मोसे खोऱ्यातल्या गैरहजेरीविषयी, महानगर आयुक्तांस

मा. महानगर आयुक्त,
पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण,
आकुर्डी, पुणे.



ऑगस्ट 2021 मध्ये प्राधिकरणाने विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला आणि लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या. सुमारे 67 हजार हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि 2025 मध्ये राज्य सरकारने तो मसुदाच रद्द केला. म्हणजे आज ना उद्या नवा आराखडा येणार, नवी नोटीस निघणार आणि पुन्हा ठराविक दिवसांत हरकती मागवल्या जाणार. ती नोटीस निघण्याआधी एका खोऱ्याबद्दल आपल्याशी बोलायचे आहे. पत्र जाहीर लिहितो आहे, कारण ते टपालात टाकले तर आवक क्रमांक पडून फायलीत जाईल.

खोरे मोशाचे. मोसे नदीवर वरसगाव धरण आहे. त्याच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचे नाव आहे, कारण ते याच मोसे खोऱ्याचे देशमुख. जलाशयाच्या वरच्या अंगाला मुळशी आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड, या दोन तालुक्यांतली अठरा गावे 2001 मध्ये सरकारने गिरिस्थान म्हणून अधिसूचित केली. दासवे, मुगाव, धामणओहोळ ही नावे बाहेरच्यांना सांगायची तर 'लवासा' म्हणावे लागते. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने इटलीतल्या पोर्तोफिनोचा नमुना समोर ठेवून रंगीत इमारतींचे शहर उभे करायला घेतले, ते इथेच.

या गावांतून आपल्याकडे हरकती आल्या नाहीत किंवा मोजक्याच आल्या, तर टिपणीत 'स्थानिकांचा विरोध नाही' असे लिहिले जाईल. कृपया तसे लिहू देऊ नका. इथला माणूस येत नाही, यामागे आळस नाही, अज्ञान नाही आणि संमती तर मुळीच नाही. त्याने हिशोब केलेला असतो आणि तो हिशोब बहुतेक वेळा बरोबर असतो. तो समजून घ्यायचा, तर याच खोऱ्यात जे एकत्र आले त्यांच्याकडे आधी पाहावे लागते.

एकत्र आले ते फ्लॅट आणि बंगले घेणारे. 30 ऑगस्ट 2018 रोजी मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने लवासा कॉर्पोरेशनविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया दाखल करून घेतली. त्याच वर्षी जूनमध्ये अध्यादेश निघून घर खरेदीदारांना बँकांसारखेच 'वित्तीय धनको' मानले गेले होते. हा बदल झाला नसता, तर पुण्या-मुंबईतले, काही परदेशातले, एकमेकांची तोंडेही न पाहिलेले हे लोक एका ग्रुपवर आले असते का? मला शंका आहे. कायद्याने दार उघडले, धनकोंच्या समितीत प्रतिनिधी दिला, दावा दाखल करायचा नमुना दिला. शेवटी 837 घर खरेदीदारांचे दावे मान्य झाले, रक्कम सुमारे 409 कोटी. सगळ्या धनकोंचे मिळून मान्य दावे होते 6,642 कोटींचे. शंभर रुपयांत घरवाल्यांचे सहाच रुपये, पण ज्याचे चाळीस-पन्नास लाख अडकलेत त्याला ते सहा रुपये म्हणजे आयुष्यभराची पुंजी.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन याने 1965 साली एक पुस्तक लिहून लोकशाहीबद्दलची एक भाबडी समजूत मोडून काढली. समान हित असले की लोक आपोआप संघटित होतात, ही ती समजूत. ओल्सन म्हणतो, गट मोठा असेल आणि फायदा सगळ्यांना सारखाच वाटला जाणार असेल, तर शहाणा माणूस घरीच बसतो. कारण लढणाऱ्याला मिळते तेच न लढणाऱ्यालाही मिळते. लोक येतात ते गट लहान आणि प्रत्येकाचा वाटा मोठा असेल तेव्हा, नाहीतर सभासदालाच मिळणारे आणि इतरांना न मिळणारे काहीतरी हातात पडत असेल तेव्हा. साखर कारखान्याच्या सभासदाला सवलतीची साखर का देतात, हे महाराष्ट्राला ओल्सनकडून शिकायची गरज नव्हती.

पण खरेदीदारांच्या बाबतीतली एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. दिवाळखोरीच्या कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार घर खरेदीदारांचा प्रतिनिधी समितीत मत देतो ते सगळ्यांच्या वतीने एकगठ्ठा, आणि ते मत ठरते ज्यांनी प्रत्यक्ष मतदान केले त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक हिश्श्याच्या कौलाने. जो मत द्यायला आला नाही, त्याचाही हिस्सा त्याच पारड्यात पडतो. कायद्याने न येणाऱ्याचे मत हिशोबात धरले, पण ते दुसऱ्याच्या हातात दिले.

गावात याची जुनी आवृत्ती आहेच. ग्रामसभेला पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार हवेत. ते जमले नाहीत की सभा गणपूर्तीअभावी तहकूब. तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट नाही. तिथे मूठभर माणसांनी हात वर केले तरी ठराव गावाचा. कितीतरी ग्रामपंचायतींच्या इतिवृत्तांत तहकूब सभेचे ठराव भरभक्कम अक्षरांत नोंदलेले सापडतील, आणि कुठलेही कार्यालय ते 'ग्रामसभेची मंजुरी' म्हणून लावून घेते. आपल्या हरकतींच्या मुदतीतही हेच घडते. इथे तर हात वर करायलाही कोणी लागत नाही, दिवस संपले की झाले.

आता गावाकडे येतो.

मुगाव-दासव्याच्या माणसाने हरकत घ्यायची म्हणजे आधी आपला सातबारा सरकारपुढे धरायचा. त्या सातबाऱ्यावर आजोबांच्या वेळची अकरा-बारा नावे, त्यांतली निम्मी मयत, वारसनोंद राहिलेली, एखाद्या चुलत्याने न विचारता विकलेला हिस्सा, 'इतर हक्कां'त एखादी जुनी नोंद जिचा अर्थ तलाठ्यालाही नीट सांगता येत नाही. कातकऱ्यांचे तर कसत आले ती जमीन कागदावर कुणाची, इथपासूनच सुरू होते. असा माणूस गट नंबर लिहून अर्ज करतो तेव्हा आरक्षणावर आक्षेप घेताना स्वतःची दुखरी नसही साहेबांना दाखवतो. त्याला ते कळते. म्हणून तो म्हणतो, 'सही करतो, पण नाव वरती नको.' हे वाक्य या भागात ज्यांनी अर्जांवर सह्या गोळा केल्या त्यांनी ऐकले आहे. त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. मी म्हणणार नाही.

दुसरे म्हणजे घरातली वाटणी. एका भावाने जमीन दिली, त्याने गाडी घेतली आणि ती लवासाच्या कामाला लावली. दुसऱ्याने दिली नाही. सून तिथे हाउसकीपिंगला, पुतण्या गेटवर सिक्युरिटीत. विरोध करायचा तो कुणाला? कंपनी तर 2018 पासून दिवाळखोरीत आहे. जुलै 2023 मध्ये 1,814 कोटींची योजना मंजूर झाली, पैसे आले नाहीत म्हणून 2024 मध्ये ती रद्द झाली, पुन्हा बोली. समोर उभा राहील असा माणूसच नाही. घरातल्या घरात मात्र समोरासमोर दोन माणसे आहेत.

आणि एकत्र येण्याची कला इथे नाही, असे कृपया कोणी सांगू नये. मावळ-मुळशीच्या कुठल्याही गावात सप्ताह बसतो तेव्हा घरटी पट्टी ठरते, वीणेच्या पहाऱ्याची पाळी लागते, पंगतीचा जिन्नस गोळा होतो आणि हिशोब मंदिरात वाचून दाखवला जातो. महिला बचत गट दर महिन्याला बसतात, वहीवर सह्या होतात. सप्ताहात गेलेला दिवस फुकट जात नाही, बचत गटात भरलेला पैसा कर्जाच्या रूपाने हातात येतो आणि या दोन्हींपायी कुणाशी वाकडे येत नाही. मुंबईतला भाष्यकार 'ग्रामीण उदासीनता' असा शब्द वापरतो, तेव्हा तो सप्ताहाला कधी गेलेला नसतो.

इतिहासही आहे, आणि तो याच तालुक्याचा आहे. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशी पेट्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे ही त्यातली मोठी नावे. 'जान किंवा जमीन' ही घोषणा. आज त्याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हणून गौरवतात. पण राजेंद्र व्होरांनी त्याचा जो अभ्यास केला, त्यातून दिसते ते चित्र अधिक कडू आहे. जमिनींचे कागदोपत्री मालक बरेचसे पुण्यातले सावकार, कसणारे मावळे. मावळ्यांना जमीन हवी होती, सावकारांना चांगली भरपाई. सावकार गट लहान, प्रत्येकाचा वाटा मोठा, पुण्यात बसण्याउठण्याची सोय. त्यांचे बोलणे झाले, भरपाई ठरली आणि आंदोलनाचा कणा मोडला. धरण झाले. मुळशीकरांना हा धडा कुठल्या पुस्तकात वाचावा लागला नाही, पाण्याखाली गेलेल्या गावांची नावे घराघरांत आडनावांसारखी सांगितली जातात.

मोसे खोऱ्यात लढलेच नाही कुणी, असे मात्र नाही. जनआंदोलनांचा राष्ट्रीय समन्वय, मेधा पाटकर, सुनीती सु. र. आणि खोऱ्यातल्या काही कुटुंबांनी जमिनी, पाणी, डोंगरफोड यांवर वर्षानुवर्षे आवाज उठवला. 25 नोव्हेंबर 2010 ला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची नोटीस आली, काम थांबले. काम थांबल्यावर रोजगार बुडालेल्यांचाही आवाज वर आला, आणि तोही खोटा नव्हता. नोव्हेंबर 2011 मध्ये पहिल्या टप्प्याच्या 2,000 हेक्टरला पर्यावरण मंजुरी मिळाली. खोऱ्यातल्या माणसाने यातून काय घेतले असेल? काम थांबवायचा हुकूम दिल्लीहून आला आणि चालू करायचाही दिल्लीहूनच आला. मधे आपण होतो की नव्हतो, हे त्याला कळले नाही. पुढे एक जनहित याचिका उच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी 2022 च्या निकालात न्यायालयाने काही गोष्टींवर कडक शब्दांत बोट ठेवले, पण याचिका फार उशिरा आली आणि मधल्या काळात बांधकामे उभी राहिली, म्हणून हस्तक्षेप केला नाही. लवकर बोलावे तर कागद हातात नसतात, कागद मिळेपर्यंत उशीर होतो.

त्यातही एक काळ असा होता की तक्रार करायची कुठे, हाच प्रश्न होता. 2008 मध्ये सरकारने लवासा कॉर्पोरेशनलाच विशेष नियोजन प्राधिकरण केले. ज्याचे बांधकाम, त्याच्याकडेच परवानगीचा शिक्का. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी यावर ताशेरे ओढले आणि 2017 मध्ये तो दर्जा काढून गावे आपल्याकडे सोपवली गेली. मधल्या नऊ वर्षांत शहर चालवायला अमेरिकेतून सिटी मॅनेजर आणला होता. तो कामाचा माणूस असेलही, पण त्याला निवडून कोणी दिले नव्हते आणि पुढच्या निवडणुकीत पाडायची सोय कुणाला नव्हती. लोक राजकारणात भाग का घेत नाहीत, यावर आपण परिसंवाद भरवतो. जिथे भाग घ्यायला जागाच ठेवलेली नाही, तिथे हा प्रश्न लोकांना विचारायचा, की जागा न ठेवणाऱ्याला?

मतदानाचा मुद्दाही इथे विचित्र होऊन बसतो. ज्यांचे पैसे अडकले ते फ्लॅटवाले इथले मतदार नाहीत. लोकप्रतिनिधित्व कायदा 1950 च्या कलम 20 प्रमाणे, केवळ घर मालकीचे आहे म्हणून माणूस त्या मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. ते कोथरूडला किंवा दादरला मत देतात. ख्राइस्ट विद्यापीठाचे विद्यार्थी वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव नोंदवू शकतात, पण तीन वर्षांसाठी आलेला मुलगा सरपंच कोण व्हावा याची चिंता कशाला करेल? उरले गावकरी. ते मत देतात, अगदी निष्ठेने देतात. पण डोंगराच्या उतारावर काय बांधायचे हे त्या मतावर ठरत नाही, ते आराखड्यात ठरते. जुलै 2024 च्या पावसात लवासात दरड येऊन बंगले गाडले गेले. उतार सगळ्यांचाच होता, त्यावर एकत्र बोलणारे व्यासपीठ कुणाचेच नव्हते.

अल्बर्ट हर्षमन या अर्थतज्ज्ञाने 1970 मध्ये एक निरीक्षण मांडले. नायजेरियात रेल्वे बिघडत चालली होती, तरी सुधारत नव्हती. कारण ज्यांना तक्रार करता आली असती ते व्यापारी माल ट्रकने नेऊ लागले. निघून जायची वाट मिळाली की बोलणारी माणसे आधी जातात. मोसे खोऱ्यात ही वाट पिरंगुटला जाते. शिकलेला, अर्ज लिहू शकणारा मुलगा तिथल्या कारखान्यात लागतो, पुण्यात भाड्याने राहतो, दिवाळीला आणि जत्रेला गावी येतो. हरकतीची नोटीस निघते तेव्हा गावात म्हातारे असतात. उलट फ्लॅटवाल्याला निघून जाता येत नाही, घ्यायला गिऱ्हाईक नाही. म्हणून तो बोलतो. बोलण्याची हौस दोघांत सारखीच असेल, वाटा वेगळ्या आहेत.

दुसऱ्या एका खोऱ्याचे उदाहरण देतो, तेही पुणे जिल्ह्यातलेच. खेड तालुक्यातल्या भामनेर खोऱ्यातून 26 जानेवारी 1980 ला वांद्रे ते चाकण असा 64 किलोमीटरचा मोर्चा निघाला, शरद जोशींच्या पुढाकाराने. मागणी काय, तर रस्ता. चाकणच्या कांद्याचे आंदोलनही त्याच सुमाराचे. ती माणसे मोसे खोऱ्यातल्या माणसांपेक्षा धीट होती असे मला वाटत नाही. कांद्याला बाजार असतो, बाजाराला वार असतो, भाव पडला की तो एकाच दिवशी, एकाच आवारात, सगळ्यांचा पडतो. इथल्या भाताला आणि नाचणीला असा वार नाही, बरेचसे घरीच खाल्ले जाते. आणि रस्ता? तो मोर्चा न काढता आला, कंपनीसोबत आला. ज्या एका गोष्टीसाठी खोरे उतरले असते ती आधीच मिळाली, आणि देणाऱ्याविरुद्धच आता उतरायचे होते.

तेव्हा विनंती अशी. 2021 चा मसुदा ऑगस्टात निघाला होता. त्या दिवसांत इथे मुसळधार पाऊस असतो, भाताची लावणी नुकती उरकलेली किंवा उरकायची असते, घाटात दरडी असतात. नवी नोटीस भातकापणी झाल्यावर, मार्गशीर्ष-पौषात काढा. नकाशे आकुर्डीला आणि संकेतस्थळावर ठेवून भागत नाही. मुगावहून टेमघरचा घाट उतरून, मुठा खोऱ्यातून पिरंगुट गाठून आकुर्डीला येणे आणि परतणे यात एक रोजगार बुडतो. प्रत्येक ग्रामपंचायतीत मोठा नकाशा टांगा, गट नंबर वाचता येतील अशा आकारात, आणि तो समजावून सांगायला एक नगररचना सहायक दोन दिवस बसवा.

सामूहिक हरकत एक अर्ज म्हणून मोजू नका. दोनशे अंगठे असतील तर दोनशे मोजा. ज्याचा वारसफेरफार राहिला आहे त्याची हरकत 'मालकी सिद्ध नाही' म्हणून बाजूला काढू नका, गावात राहतो एवढे पुरे. ती हरकत म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हे पावतीवरच छापा, म्हणजे तिच्या आधारे उद्या कुणी त्याचा सातबारा उकरणार नाही याची त्याला खात्री पटेल. सुनावणी मुगावात किंवा दासव्यात घ्या, संध्याकाळी घ्या, म्हणजे लवासात पाळीवर असलेल्यांनाही येता येईल. फ्लॅटवाल्यांनाही बोलवा. त्यांना इथे मत नाही, पण पाणी, रस्ता आणि दरड त्यांच्याही दारात आहे, आणि बहुधा पहिल्यांदाच ते आणि गावकरी एका सतरंजीवर बसतील. भांडतील कदाचित. भांडू द्या.

आणि एक आकडा जाहीर करा. त्या 67 हजार हरकतींपैकी मोसे खोऱ्यातल्या अठरा गावांतून किती होत्या, गावनिहाय. नवा मसुदा निघण्याआधी तो आकडा त्या त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला तर पुढची सभा कुणाला बोलवायची गरज पडणार नाही, असे मला वाटते. पहिल्या सभेला गणपूर्ती झाली नाही, तर निदान आपल्या बाजूने ती तहकूब धरून पुढे जाऊ नका. पुन्हा बोलवा.

कळावे.

आपला,
मुळशी तालुक्यातला एक मतदार